फटफटीचा जीर्णोद्धार

‘जीर्ण’ हा शब्द ‘जॄ’ धातूपासून झालेला. ‘जरा’ हे त्याच घरातले भावंड. ‘उद्धार’ म्हणजे ‘उद्’ उपसर्ग लागून झालेले ‘हृ’ धातूचे रूप, अर्थात वर काढणे. जे जुने होऊन खाली रुतले आहे त्यास हात घालून वर काढावयाचे, एवढाच ह्या जोडशब्दाचा मूळ आशय. व्यवहारात मात्र जीर्णोद्धार निघाला की देवळाच्या काळ्या दगडी खांबांवर तैलरंग चढतो, गाभाऱ्यात न्हाणीघरास शोभतील अशा फरशा बसतात आणि तीन पिढ्यांनी हाताळून गुळगुळीत झालेला उंबरठा उखडून त्याजागी ग्रॅनाइट येतो. कृष्णाकाठच्या वाचकांस ह्याची उदाहरणे सांगावयास नकोत. देऊळ उजळते खरे. पण जे वर काढावयाचे होते ते त्या उजेडात कोठे गेले, हे नंतर सापडत नाही.

ह्या महिन्यात ज्या जीर्णोद्धाराविषयी लिहावयाचे योजिले आहे तो देवळाचा नव्हे, मोटारसायकलीचा आहे. आपल्याकडील बोलीत सांगावयाचे तर फटफटीचा. निवृत्त संस्कृत शिक्षकाच्या लेखणीस हा विषय शोभणारा नाही असे काही वाचकांस वाटेल. परंतु जिन्याखाली, पडवीत किंवा जुन्या गोठ्यात गोणपाट पांघरून उभी असलेली एखादी गाडी ज्यांच्या घरी आहे अशी एकत्र कुटुंबे सातारा-सांगलीकडे थोडी नाहीत, आणि त्या गाडीचे काय करावे ह्या प्रश्नावरून घरात चार तोंडांनी चार मते ऐकू येतात, हेही आम्ही पाहिले आहे.

आमचे थोरले बंधू किर्लोस्करवाडीस कारखान्यात नोकरीस होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर हा कारखाना आणला. त्यापूर्वी बेळगावात त्यांचे सायकलींचे दुकान होते. ह्या भागातल्या यंत्रविद्येची सुरुवात दुचाकीपासून झाली असे म्हणावयास त्यामुळे हरकत नाही. तिकडे साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात लोखंडी नांगर आणि पुढे तेलाची इंजिने होऊ लागली. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातील कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर कित्येक वर्षे बाहेर पडत होती. अशा मुलखात बिघडलेला भाग बाजारातून आणण्यापूर्वी तो घरी अगर लेथवर करता येईल काय, हा विचार माणसाच्या मनात आधी येतो. दादांचा स्वभाव ह्याच संस्कारात घडला होता.

१९६६ साली दादांनी जावा घेतली. मूळची ही गाडी प्रागची. १९२९ साली यानेचेक नावाच्या कारखानदाराने वाँडरर ह्या जर्मन मोटारसायकलीच्या निर्मितीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जुळवून ‘जावा’ हे नाव केले. आपल्याकडे रुस्तुम व फारोख इराणी यांनी म्हैसुरास ‘आयडियल जावा’ हा कारखाना काढला, त्याचे उद्घाटन १९६१ साली महाराज जयचामराज वाडियार यांच्या हस्ते झाले. पुढे ‘येझ्दी’ ह्या नावाने गाड्या निघू लागल्या आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ साली दुसऱ्या एका कंपनीने हे नाव पुन्हा बाजारात आणले, परंतु तिच्या गाडीशी आपणांस येथे कर्तव्य नाही.

दादांची गाडी एका सिलिंडरची, २५० सीसीची. बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. सिलिंडर एक असूनही धूर सोडावयाच्या नळ्या दोन. किक मारावयाचा आणि गिअर बदलावयाचा दांडा एकच: आत दाबून वळविला की तो किक होतो, परत आणला की गिअर. साखळी संपूर्ण पत्र्याच्या वेष्टनात, त्यामुळे धूळ तिला शिवत नाही. पेट्रोलात तेल मिसळूनच घालावयाचे. ह्या गाडीवरून दादा आणि वहिनी औदुंबरास जात. सणावारास सातारला येत. कराडवरून सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेरचा हा रस्ता. गाडी गावात शिरली की तिचा आवाज आमच्या मातोश्रींस घरात बसल्या जागी ओळखू येई आणि त्या भाताचे आधण वाढवीत.

वहिनींस मागे बसताना धरावयास काही नसे. म्हणून दादांनी लोखंडी सळई वाकवून, मागच्या बैठकीस एक कडी आणि तिच्याच मागे भाजीची पिशवी राहील असे लहानसे कॅरियर करविले होते. किकच्या दांड्याभोवतीचा बुश झिजून तेल गळू लागले तेव्हा गनमेटलचा नवा बुश त्यांनी स्वतः लेथवर कातला. हे सर्व त्यांच्या वहीत तारीखवार आहे: डिकार्बन केव्हा केले, रिंगा केव्हा बदलल्या, कोणत्या मैलावर प्लग टाकला. शेवटची नोंद १९९८ सालची आहे. पुढे गुडघे दुखू लागले आणि गाडी सांगलीच्या घरी जिन्याखाली गेली. २०१४ साली दादा वारले.

त्यानंतर आला ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, २००५ सालचा पूरही मागे पडला. सांगलीच्या गावभागातील घराघरांतून पाणी शिरले. आमच्या घरी तळमजला छतापर्यंत भरला होता. माणसे वेळीच बाहेर काढली, वही माडीवरच्या कपाटात होती म्हणून वाचली. गाडी पाण्याखाली राहिली. पाणी ओसरल्यावर घर धुऊन काढताना तिच्यावर दोन बादल्या पाणी ओतले गेले एवढाच काय तो तिचा सत्कार झाला. २०२१ साली पाणी पुन्हा आले.

येथून पुढे प्रश्न केवळ यंत्राचा राहिला नाही. पहिल्या पुरानंतर थोरल्या पुतण्याचे मत पडले की घर विकून आईस पुण्यास न्यावे. धाकट्याचे मत की घर सोडावयाचे नाही. शब्दास शब्द लागला आणि दोघा भावांचे बोलणे थांबले. अशात एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने धाकट्यास बरी किंमत सांगितली. पुराने फुगलेल्या भिंतींचा गिलावा त्या रकमेत झाला असता, तेव्हा त्याने विकावयाचे मनात आणिले ह्यात गैर काही नव्हते. थोरल्यास हे कळताच त्याने कळविले की गाडी विकू नये, पुण्यास पाठवावी. तो ती कारखान्यातून आल्यासारखी करून घेईल. वहिनींनी दोघांचेही ऐकून घेतले आणि आम्हांस निरोप पाठविला, “भाऊजी, तुम्ही या. गाडी कोठेही जावयाच्या आधी तिला एकदा उघडून तरी पाहू.”

डिसेंबर २०२३ मध्ये काम सुरू झाले. मिरजेचे एक वृद्ध मिस्त्री, ज्यांचे आयुष्य जावा-येझ्दी उघडण्यात गेले, ते आठवड्यातून दोन दिवस येण्यास कबूल झाले. त्यांनी पहिली ताकीद दिली ती अशी, “किकला कोणी पाय लावायचा नाही.” ह्याचे कारण जाणण्यासारखे आहे. नुसती गंजून अडकलेली गाडी असेल तर प्लगच्या भोकातून डिझेल आणि रॉकेल ओतून आठ-पंधरा दिवस धीर धरला की पिस्टन बहुधा सुटतो. पुरात बुडालेल्या इंजिनात मात्र बारीक गाळ असतो. तो वाळला की पॉलिश पेपरावरच्या वाळूसारखा होतो. अशा स्थितीत इंजिन फिरविले तर सिलिंडर, बेअरिंग सर्वांवर चरे पडतात. म्हणून आधी संपूर्ण उघडावयाचे, धुवावयाचे, मग फिरवावयाचे.

आमच्याकडे आले कारकुनीचे काम. प्रत्येक वायर सोडण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावयाचे आणि तिला चिठ्ठी बांधावयाची. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट निरनिराळ्या पेटीत ठेवावयाचे. शाळेतून निरोप घेताना खडूच्या रिकाम्या लाकडी पेट्या आम्ही मागून आणल्या होत्या, त्यांचा घरातील मंडळी आजवर उपहास करीत. त्या एकवीस पेट्या ह्या कामी आल्या. नवशिक्यास एवढेच सांगतो की उघडणे दोन दिवसांत होते आणि जुळविणे दोन वर्षांत. मधल्या काळात स्मरणशक्तीवर विसंबून राहणाऱ्याच्या हाती शेवटी मूठभर स्क्रू उरतात.

इंजिनाच्या खालच्या पेटीत गाळाचा चिखल झालेला. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलेली. क्रँकच्या बेअरिंगांस खड्डे पडलेले. जावाची क्रँक दाबून बसविलेली असते, ती हातोड्याने सुटत नाही. ती प्रेसवर सोडवावी लागते आणि पुन्हा बसविल्यावर डायल लावून सरळ आहे की नाही ते पाहावे लागते. हे काम घरी करण्याचे धाडस कोणी करू नये. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घातला. ऑइल सील सर्व बदलले. ही रबराची कडी म्हणजे अल्पमोलाची वस्तू, पण दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रँकच्या पेटीतूनच वर जाते. सील सुकले की बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोल कमी पडते, इंजिन विनाकारण भडकते आणि तापून पिस्टन धरतो. ‘गाडी चालू झाली पण आठवड्यात बसली’ ह्या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते.

डायनामोच्या तारा शेतपंपाच्या मोटारी भरणाऱ्या एका कारागिराने नव्याने भरून दिल्या. ऊसवाल्या मुलखाचा हा एक फायदा. सायलेन्सरमधील काजळी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून काढली; ह्या सोड्याने हात भाजतात आणि ॲल्युमिनियम विरघळते, तेव्हा मुलांना दूर ठेवावे आणि त्या पाण्यात लोखंडाखेरीज काही बुडवू नये. पेट्रोलची टाकी आतून गंजलेली. तिच्यात बारीक साखळी आणि व्हिनेगर घालून ती दिवसातून चार वेळा हलवावयाची, हे काम घरातील नातवंडांनी आनंदाने केले. घरभर लोणच्याचा वास सुटला होता. नंतर टाकी धुऊन, वाळवून, लगेच आतून तेलाचा हात फिरविला, नाही तर धुतलेले लोखंड एका रात्रीत पुन्हा तांबूस होते.

पेट्रोलाविषयी येथेच सांगून टाकतो. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते, आणि त्यातले काही आपल्याच कृष्णाखोऱ्यातील उसाचे. शेतकऱ्यास चार पैसे अधिक मिळत असतील तर उत्तम आहे. परंतु इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते आणि १९६६ सालचे रबर त्यास टिकत नाही. म्हणून नळी व वायसर आजच्या पेट्रोलास चालतील असे बसवावेत, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामा करावा. तेल लिटरास ४० ते ५० मिलिलिटर मोजून घालावे. अंदाजाने ओतू नये.

हे झाले यंत्राचे. खरा वाद उभा राहिला तो जुळविण्याची वेळ आली तेव्हा. थोरला पुतण्या मार्च २०२५ मध्ये चार दिवसांची रजा काढून आला, येताना मागच्या बैठकीचा नवा साज, नवे मडगार्ड आणि कारखान्याच्या मापाचा नवा बुश घेऊन आला. त्याचे म्हणणे असे की जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षक पहिल्यांदा हेच पाहतात. ही कडी आणि हे कॅरियर मूळचे नाही, तेव्हा ते काढले पाहिजे. धाकटा काही बोलला नाही. तो उठून आत गेला आणि दादांची वही घेऊन आला.

आमचे मत आम्ही दोघांसही सांगितले ते येथे लिहितो. घरातल्या तांब्याच्या पातेल्यास कल्हई दर वर्षी नवी लागते. कल्हई जाण्यासाठीच असते. गाडीतील सील, रिंगा, टायर, वायरी, बेअरिंग ही सर्व कल्हईच्या वर्गातली. ती निःशंक बदलावी, जुनी ठेवण्याचा हट्ट धरून जीव धोक्यात घालू नये. ब्रेकच्या बाबतीत तर भावनेस मुळीच थारा देऊ नये. परंतु पातेल्यावर आजीचे नाव कोरलेले असेल तर ते बाजारात मिळणाऱ्या पातेल्यावर नसते म्हणून घासून कोणी काढीत नाही. म्हैसुराहून निघालेली गाडी कशी दिसत होती हे दाखविणाऱ्या गाड्या अन्यत्र पुष्कळ असतील. किर्लोस्करवाडीच्या एका कामगाराने तीस-बत्तीस वर्षे कशी वापरली हे दाखविणारी ही एकच आहे. परीक्षकांच्या दृष्टीने कडी हे व्यंग असेल. तिच्यावर हात ठेवून ज्यांनी औदुंबरची वाट केली त्या वहिनी अद्याप घरात आहेत.

सरकारी नियमाचे भय घालण्यात आले होते, तेही निराधार ठरले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी नियम केले आहेत. त्यांत चॅसी, बॉडी आणि इंजिन ह्यांत मोठा फेरफार नसावा एवढी अट आहे. सळईच्या कडीने चॅसी बदलत नाही. त्या वर्गात नव्याने नोंद करावयाची तर शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. पूर्वीपासून नोंदलेल्या वाहनास आपला जुना क्रमांक ठेवता येतो. जुन्या क्रमांकाच्या पाटीवर ‘व्हीए’ अक्षरे यावयाची ह्या समजुतीने कित्येक जण घाबरतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

बुशाचा प्रश्न मिस्त्रींनी सोडविला. दादांचा बुश आणि नवा बुश असे दोन्ही त्यांनी दांड्यावर आळीपाळीने घालून पाहिले. नवा किंचित सैल होता. “हा तुमच्या वडिलांनी दांड्याच्या झिजेप्रमाणे कातलाय,” ते म्हणाले, “दांडा जुना, तर बुशही हाच.” थोरल्याने तो हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिला. आतल्या बाजूस दादांनी पंचाने बारीक ठिपक्यांत वर्ष ठोकले होते, १९८१. त्या वर्षी थोरला दहावीस होता. ते वर्ष तोवर आमच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते.

रंगाच्या बाबतीत तडजोड झाली. मडगार्ड इतके सडले होते की बोट आरपार जाई; ते नवे बसविले. टाकीचा तांबडा रंग आणि तिच्या बाजूंचे क्रोम जेथे शाबूत होते तेथे केवळ स्वच्छ केले. सोनेरी रेघा दुकानाच्या पाट्या रंगविणाऱ्या एका जुन्या पेंटराने ब्रशने ओढल्या. चिकटपट्टीची छापील रेघ मिळते, पण ती कोपऱ्यावर वळताना सुरकुतते. कडी व कॅरियर गंज काढून काळ्या रंगात पुन्हा बसविले. आठवड्यानंतर थोरला पुण्यास परत जाताना नवा साज धाकट्याच्या स्वाधीन करून गेला, रजा त्याने वाढवून घेतली होती. त्या आठवड्यात दोघा भावांचे संभाषण पान्यांच्या मापांपलीकडे फारसे गेले नाही. ‘दहाचा दे’, ‘हा आटा गेलाय’, ‘धर जरा’. घराच्या विक्रीचा विषय निघाला नाही, मिटलाही नाही.

इंजिन एप्रिलमध्ये सुरू झाले. अकराव्या किकेस. मिस्त्रींनी पॉइंटचे अंतर पुन्हा एकदा बसविले, दोन्ही नळ्यांतून निळसर धूर निघाला आणि शेजारच्या घरातील कुत्रे पळाले. वहिनी ओटीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ ऐकले आणि विचारले, “डाव्या नळीचा आवाज वेगळा का?” पाहतो तो डाव्या बाजूच्या नळीची चकती सैल राहिली होती.

आता कागदपत्रांविषयी. मालक वारल्यास त्याच्या वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वाहन आपल्या नावे करून घ्यावे असा नियम आहे. आपल्या घरांतून जमिनीचे सात-बारा तत्परतेने बदलले जातात, वाहनाचे पुस्तक मात्र ट्रंकेत तसेच राहते. आमचेही मुदतीबाहेर गेले होते. शिवाय पुस्तक पुरात भिजून त्याचा लगदा झाला होता, त्याची दुय्यम प्रत नमुना २६ भरून मागावी लागली. दंड भरला, आणि इतर वारसांची संमती लागते म्हणून दोघा पुतण्यांच्या सह्या एकाच कागदावर, एकाच दिवशी घेतल्या. गाडी कोणाच्या नावे करावयाची हा प्रश्न ज्या दिवसाची सर्वांस धास्ती होती त्या दिवशी निघालाच नाही, कारण वहिनींनी अर्जावर स्वतःचे नाव आधीच लिहवून ठेविले होते. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि त्यांनी आयुष्यात दुचाकी चालविलेली नाही. वाहनाचा मालक होण्यास चालविण्याचा परवाना लागत नाही, हे त्यांनी कार्यालयातील कारकुनास विचारून घेतले होते.

नोंदणीचे नूतनीकरण अद्याप व्हावयाचे आहे. ते होऊन विमा व धूर-तपासणीचा दाखला मिळेतो गाडी अंगणाबाहेर नेण्यास मनाई आहे. पावसाळ्यापूर्वी ती टेंपोतून साताऱ्यास आणावयाची आणि कृष्णेचे पाणी उतरले की परत सांगलीस पोचवावयाची असे ठरले आहे. ह्या वर्षी मे अखेरीस ती आमच्या पडवीत आली. किल्ली मात्र वहिनींनी सांगलीस ठेवून घेतली आहे. जुन्या जावाच्या किल्लीचे काम साध्या खिळ्यानेही भागते हे त्यांस पूर्ण ठाऊक आहे, म्हणून येताना त्यांनी आमच्याकडून तसे न करण्याचे वचनही घेतले.